इंग्लंडमधलं घर एजंटकडे दिलंय? डिपॉझिटची जबाबदारी तरीही तुमचीच

इंग्लंडमध्ये नोकरीच्या काळात स्लाव, हाउन्स्लो किंवा रेडिंगला घर घेतलं, पुढे पुण्याला परत आलो, आणि घर लेटिंग एजंटच्या हवाली केलं, अशी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. भाडं दर महिन्याला खात्यात जमा होतं. बॉयलर बिघडला तर एजंट माणूस पाठवतो. भाडेकरूने दिलेल्या डिपॉझिटची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही. ती होते भाडेकरू घर सोडताना, किंवा त्याच्या वकिलाचं पत्र आल्यावर, आणि तेव्हा दुरुस्त करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

यामागे आपल्या सवयीचा भाग मोठा आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार होतो, डिपॉझिट मालकाच्या खात्यात जातं, मालक ते हवं तसं वापरतो आणि घर रिकामं झालं की काटछाट करून परत देतो. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून हे चालत नाही. हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ नुसार डिपॉझिट सरकारमान्य योजनेत संरक्षित करावंच लागतं. ते पैसे शेवटपर्यंत भाडेकरूचे असतात. त्यातला एक पौंड जरी कापायचा असेल तरी कारण मालकाने सिद्ध करायचं असतं.

एजंट नेमला म्हणून यातलं काही बदलत नाही. या कायद्याच्या कलम २१२ मध्ये ‘घरमालक’ या शब्दात त्याच्या वतीने काम करणाराही धरलेला आहे. त्यामुळे चूक झाली तर भाडेकरू एजंटवरही दावा लावू शकतो. ‘ड्रेकॉट विरुद्ध हॅनेल्स लेटिंग’ या २०१० च्या निकालात हायकोर्टाने हे मान्य केलं आहे. पण एजंट त्यात ओढला गेला तरी तुम्ही सुटत नाही. दोघंही जबाबदार राहता, आणि भाडेकरूचा वकील बहुतेक वेळा ज्याच्या नावावर घर आहे त्यालाच आधी गाठतो, कारण घर पळून जात नाही. काम एजंटला देता येतं. कायद्यापुढची जबाबदारी देता येत नाही. खालची प्रत्येक पायरी हे गृहीत धरूनच लिहिली आहे.

हे नियम तुम्हाला लागू आहेत का?

तुम्ही स्वतः त्याच घरात राहून एखादी खोली लॉजरला दिली असेल, तर डिपॉझिट संरक्षित करण्याची सक्ती नाही. कंपनीच्या नावाने घर दिलं असेल तरीही नाही. बाकी नेहमीच्या भाडेकरारांना हे नियम लागू आहेत. इथे मी फक्त इंग्लंडबद्दल लिहितो आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये घर असेल तर शेवटचा भाग वाचा.

पहिली पायरी: करारावर सही करण्याआधी एजंट तपासा

एजंटचं कमिशन किती टक्के, यावर आपण तासभर घासाघीस करतो. आपल्या भाडेकरूचे दीड-दोन हजार पौंड त्याच्याकडे सुरक्षित राहतील का, हे मात्र विचारत नाही. तीन गोष्टी मागा.

क्लायंट मनी प्रोटेक्शनचं, म्हणजे एजंटकडचे ग्राहकांचे पैसे बुडाले तर भरून देणाऱ्या योजनेचं, प्रमाणपत्र. १ एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमध्ये ग्राहकांचे पैसे हाताळणाऱ्या प्रत्येक लेटिंग एजंटला अशा योजनेचं सभासदत्व सक्तीचं आहे. प्रॉपर्टीमार्क, सेफएजंट, मनी शील्ड, क्लायंट मनी प्रोटेक्ट ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. प्रमाणपत्र एजंटच्या ऑफिसात आणि वेबसाइटवर लावलेलं असायला हवं. सभासदत्वच नसेल तर एजंटला ३०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रमाणपत्राच्या फोटोवर विसंबू नका. त्या योजनेच्या वेबसाइटवर एजंटचं नाव स्वतः शोधा.

तक्रार निवारण योजनेचं सभासदत्व, म्हणजे प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस यांपैकी एक. हे २०१४ पासून सक्तीचं आहे.

आणि डिपॉझिट कोणत्या योजनेत ठेवणार याचं सरळ उत्तर. मान्यताप्राप्त योजना तीनच आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. चौथं कुठलंही नाव ऐकलं तर तिथेच थांबा.

दुसरी पायरी: कस्टोडियल की इन्शुअर्ड, हे तुम्ही ठरवा

तिन्ही योजनांमध्ये दोन प्रकार आहेत. कस्टोडियल प्रकारात सगळी रक्कम योजनेकडे जमा होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. यासाठी काही पैसे पडत नाहीत. इन्शुअर्ड प्रकारात रक्कम एजंटच्या किंवा तुमच्या खात्यातच राहते, योजनेला फी भरली जाते आणि योजना त्या पैशांची हमी घेते.

एजंटांना सहसा इन्शुअर्ड प्रकार आवडतो, कारण पैसे हाताशी राहतात आणि शेवटचा हिशेब लवकर उरकतो. चांगला एजंट असेल तर त्यात वावगं काही नाही. पण तुम्ही भारतात आणि एजंट तिकडे अशी स्थिती असेल, तर मी कस्टोडियलचाच आग्रह धरीन. एजंटने दुकान बंद केलं तरी डिपॉझिट जागेवर असतं. इन्शुअर्ड प्रकारात एजंट बुडाला तर योजना भाडेकरूचं नुकसान भरून देईल, पण तुमचं संरक्षण एजंटच्या सभासदत्वाला बांधलेलं असतं. ते सभासदत्व गेलं की डिपॉझिट पुन्हा संरक्षित करण्याची धावपळ तुमच्याच वाट्याला येते, आणि प्रसंगी खिशातून रक्कम घालून.

तिसरी पायरी: एजंटशी केलेल्या करारात चार वाक्यं लिहून घ्या

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. एजंटची सेवा साधारण तीन प्रकारची असते: फक्त भाडेकरू शोधून देणं, भाडं गोळा करणं, आणि पूर्ण व्यवस्थापन. ‘फक्त भाडेकरू शोधून देणं’ हा प्रकार घेतला असेल तर एजंट पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट घेतो, आपली फी कापतो आणि उरलेली रक्कम तुम्हाला पाठवतो. तुम्हाला वाटतं त्याने नोंदणी केली असेल. तो समजतो आता हे मालकाचं काम. दोघंही प्रामाणिक असतात, आणि डिपॉझिट असंरक्षित राहतं.

म्हणून करारात स्पष्ट शब्दांत असू द्या: डिपॉझिट कोण संरक्षित करणार, कोणत्या योजनेत आणि कुणाच्या नावाने. किती दिवसांत. भाडेकरूला कायद्याने द्यायची माहिती कोण देणार, आणि त्याची प्रत तुम्हाला कधी मिळणार. आणि चौथं सर्वांत महत्त्वाचं: एजंटच्या चुकीमुळे तुम्हाला दंड भरावा लागला तर तो भरून देण्याची जबाबदारी एजंटची. छापील करारात हे कलम बहुधा उलट्या बाजूने लिहिलेलं असतं, म्हणजे मालकाने एजंटची भरपाई करायची. ते वाचा आणि बदलून मागा. नाही म्हणाला तर दुसरा एजंट शोधणं परवडतं.

चौथी पायरी: किती डिपॉझिट घेता येतं

टेनंट फीज अ‍ॅक्ट २०१९ मुळे १ जून २०१९ पासून मर्यादा आहे. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं. ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर सहा आठवड्यांचं.

हिशेब करताना महिन्याचे चार आठवडे धरू नका. महिन्याला १,३०० पौंड भाडं असेल तर वर्षाचं १५,६०० होतं. त्याला ५२ ने भागलं की आठवड्याचे ३०० येतात. पाच आठवड्यांचे १,५०० पौंड, ही तुमची कमाल मर्यादा. एजंटने ‘दीड महिन्याचं’ म्हणून १,९५० घेतले असतील तर ते बेकायदा आहे, आणि तुम्हाला माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही. कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्याकडून वेगळं जादा डिपॉझिटही घेता येत नाही. सगळं मिळून याच मर्यादेत बसवायचं. घर राखून ठेवण्यासाठी घेतलेली होल्डिंग डिपॉझिटची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त नको, आणि ती पुढे मुख्य डिपॉझिटात वळवली तर तिलाही संरक्षण लागतं.

पाचवी पायरी: तीस दिवसांची मोजणी

डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते संरक्षित व्हायला हवं. पूर्वी ही मुदत १४ दिवसांची होती, एप्रिल २०१२ पासून ती ३० झाली. पैसे मिळाले तो दिवस पहिला धरायचा. ‘मिळाले’ म्हणजे एजंटच्या खात्यात जमा झाले ती तारीख. एजंटने ते तुमच्याकडे पाठवायला तीन आठवडे लावले तर मुदतीतले तीन आठवडे गेले.

त्यामुळे एजंटला पहिल्याच दिवशी ईमेल करून विचारा की पैसे नेमके कोणत्या तारखेला आले. त्या तारखेपासून सातव्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावा, आणि चौदाव्या दिवशी प्रमाणपत्राची प्रत हातात नसेल तर फोन करा. एकविसाव्या दिवशीही काही हललं नसेल तर स्वतः योजनेत खातं उघडून एजंटकडून रक्कम मागवा. योजनांच्या वेबसाइटवर पिनकोडसारखा तिथला पोस्टकोड, भाडेकरूचं आडनाव, रक्कम, करार सुरू झाल्याची तारीख असे तपशील भरून डिपॉझिट नोंदलं आहे का ते तपासता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. एजंटच्या ‘डन, डोन्ट वरी’ या उत्तरावर ते सोडू नका.

सहावी पायरी: प्रिस्क्राइब्ड इन्फर्मेशन

हा भाग बऱ्याच मालकांनी ऐकलेलाही नसतो, म्हणून इथे थोडं थांबतो. डिपॉझिट योजनेत भरलं की अर्धंच काम होतं. त्याच ३० दिवसांत भाडेकरूला ठरावीक माहिती लेखी द्यावी लागते. तिला प्रिस्क्राइब्ड इन्फर्मेशन म्हणतात. त्यात घराचा पत्ता, डिपॉझिटची रक्कम, योजनेचं नाव आणि संपर्क, मालक किंवा एजंटचे आणि भाडेकरूचे तपशील, भाडेकरू घर सोडून गेल्यावर त्याच्याशी संपर्क कुठे करायचा, पैसे कोणत्या कारणांनी आणि करारातल्या कोणत्या कलमानुसार कापता येतील, वाद झाला तर काय करायचं, हे सगळं येतं. सोबत योजनेचं माहितीपत्रक जोडायचं. माहिती खरी असल्याचं प्रमाणित करून त्यावर सही करायची आणि भाडेकरूलाही सही करण्याची संधी द्यायची.

योजनेकडून आलेलं प्रमाणपत्र फॉरवर्ड केलं की झालं, असं अनेक एजंट मानतात. तसं नाही. ‘अयान्नुगा विरुद्ध स्विंडेल्स’ या २०१२ च्या खटल्यात डिपॉझिट योजनेत सुरक्षित होतं, तरीही माहिती पूर्ण दिली नाही म्हणून मालक हरला.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास सुटते. भाडेकरू विद्यार्थी असेल आणि डिपॉझिट नाशिकहून त्याच्या वडिलांनी भरलं असेल, तर ही माहिती वडिलांनाही द्यावी लागते. भाडेकरूच्या वतीने डिपॉझिट भरणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेत संबंधित व्यक्ती ठरते. पैसे कुणाच्या खात्यातून आले, हे एजंटला विचारूनच घ्या.

तुम्ही भारतात राहत असाल तर या कागदावर मालकाऐवजी एजंटचं नाव-पत्ता चालतो; २०१५ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झालं आहे. मात्र भाडेकरूने तुम्हाला नोटिसा पाठवण्यासाठी इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता देणं बंधनकारकच आहे. पुण्याचा पत्ता त्यासाठी चालत नाही. बहुतेक जण एजंटचाच पत्ता देतात, आणि म्हणून त्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पत्र स्कॅन करून तुम्हाला पाठवायचं, असंही करारात लिहून घ्या.

चुकलं तर काय होतं

डिपॉझिटच्या कमीत कमी एकपट आणि जास्तीत जास्त तिप्पट रक्कम भाडेकरूला देण्याचा आदेश कोर्ट करतं. एकपटीपेक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशांनाही नाही. वरच्या उदाहरणात १,५०० पौंडांच्या डिपॉझिटवर १,५०० ते ४,५०० पौंड, आणि मूळ डिपॉझिट वेगळं. भाडेकरू घर सोडून गेल्यावरही दावा करू शकतो. मुदत सहा वर्षांची असते.

दुसरा फटका जास्त जिव्हारी लागणारा आहे. रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५ नुसार १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करून घेण्याची कलम २१ ची नोटीस बंद होते. परत इंग्लंडला जाऊन स्वतःच्या घरात राहायचं असेल, किंवा घर विकायचं असेल, तर ते कारण दाखवून चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही भाडेकराराचं पहिलं वर्ष भाडेकरूला मिळेल अशा बेताने. भाडेकरू न गेल्यास कोर्टात जावं लागतं, आणि तिथे डिपॉझिटचे नियम पाळलेले नसतील तर, समाजविघातक वर्तनासारखी कारणं सोडता, ताबा मिळत नाही. मुलांच्या शाळेचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून परतीची तारीख ठरवलेल्या कुटुंबाला हे फार महाग पडतं.

मुदत हुकली आहे असं आज लक्षात आलं, तर गप्प बसू नका. डिपॉझिट आजच संरक्षित करा आणि माहिती लेखी द्या. उशिरा केलं म्हणून दंडाचा धोका जात नाही, पण मालकाने स्वतःहून सुधारणा केली हे रक्कम ठरवताना कोर्ट पाहतं. मग इंग्लंडमधल्या सॉलिसिटरचा सल्ला घ्या, आणि एजंटला लेखी कळवा की नुकसानभरपाई तुम्ही त्याच्याकडून मागणार आहात.

सातवी पायरी: मधल्या काळातले बदल

भाडेकरू बदलला, दोघांपैकी एक निघून गेला आणि तिसरा आला, तर नोंद आणि माहिती दोन्ही नव्याने करा. ‘नावं तेवढी बदलली’ असं एजंट म्हणेल. त्यावर समाधान मानू नका.

एजंट बदलताना तर विशेष जपा. जुन्या एजंटने इन्शुअर्ड प्रकारात डिपॉझिट ठेवलं असेल, तर त्याला निरोप देण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्या: रक्कम कुणाकडे आणि कोणत्या तारखेला जाणार, नवं संरक्षण कधी सुरू होणार, जुनं कधी संपणार, आणि नवी प्रिस्क्राइब्ड इन्फर्मेशन कोण देणार. मध्ये एक दिवसही रिकामा राहू नये. एजंटशी भांडण झालं असेल तर तो डिपॉझिटातून आपली थकलेली फी वळती करून घ्यायला पाहतो. त्याला तो अधिकार नाही, कारण पैसे भाडेकरूचे आहेत.

एजंट बंद पडल्याची कुणकुण लागली तर त्याच दिवशी डिपॉझिट योजनेला आणि त्याच्या क्लायंट मनी प्रोटेक्शन योजनेला कळवा. दाव्यांना मुदत असते.

आठवी पायरी: शेवटचा हिशेब

कापायचं असेल तर पुरावा लागतो, आणि तो भाडेकरू आत येण्याच्या दिवशी तयार होतो. तारखेसह फोटो असलेली, भाडेकरूची सही घेतलेली चेक-इन इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची यादी) आणि तशीच चेक-आउट नोंद. या दोन्हींची पीडीएफ तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एजंट बदलला की त्याच्या सिस्टिममधले फोटोही जातात. इन्व्हेंटरीचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही.

वापराने होणारी साधी झीज कापण्याचं कारण होत नाही. शेगडीमागच्या भिंतीवर साचलेला तेलकट थर स्वच्छतेत येतो, तो मागता येईल. चार वर्षांत फिका पडलेला रंग येत नाही. जुन्याच्या बदल्यात नवं घेता येत नाही. समजा, कार्पेट ६०० पौंडांचं, आयुष्य दहा वर्षांचं, आणि सहाव्या वर्षाअखेर इस्त्रीने जळलं. उरलेल्या चार वर्षांचे २४० पौंड मागा, ६०० नाही. एजंटने पाठवलेली कपातीची यादी मंजूर करण्याआधी प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारा, कारण फुगवलेली यादी तुमच्याच नावाने जाते.

एकमत झालं की दहा दिवसांत रक्कम परत जायला हवी. वादाचा भाग तेवढा बाजूला ठेवा, बाकीची रक्कम सोडून द्या. वाद योजनेच्या मोफत निवाड्याकडे नेता येतो. तिथे सुनावणी नसते, कागदपत्रांवर निर्णय होतो आणि तो दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. एजंट तुमच्या वतीने कागद पाठवत असेल तर पाठवण्याआधी ते तुम्ही पाहा. कापून घेतलेली रक्कम भाड्याच्या उत्पन्नात धरून कराच्या विवरणात दाखवायची असते, हे तुमच्या अकाउंटंटलाही सांगा.

स्कॉटलंड आणि वेल्स

स्कॉटलंडमध्ये योजना वेगळ्या आहेत आणि सगळ्या कस्टोडियल. मुदत ३० कामकाजाच्या दिवसांची, आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून भाडेकराराचा कायदाच नवा आहे. तिथे मुदत ३० दिवसांचीच आहे, पण मालकाने रेंट स्मार्ट वेल्सकडे नोंदणी केलेली आणि व्यवस्थापन पाहणाऱ्या एजंटकडे त्यांचा परवाना असायला लागतो. कार्डिफला घर असेल तर एजंटला पहिला प्रश्न त्या परवान्याचा विचारा, दुसरा डिपॉझिटचा.